मुहूर्त टळलेले कंद

मंडळी, आज जरा भांडणाच्या मूडमध्ये लिहायला बसले आहे. विषय फुलांचा आहे, त्यामुळे फार काही कडू होणार नाही. पण भांडण आहे, हे आधीच सांगून ठेवते.

"आता सीझन गेला." इथे न्यू जर्सीत इतकी वर्षं माती उकरताना हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं असेल तितकं दुसरं कुठलंच नाही. नोव्हेंबरचा मध्य आला की दुकानातल्या ट्यूलिप-डॅफोडिलच्या कंदांच्या पेट्या एका कोपऱ्यात सरकतात, त्यांच्यावर निम्म्या किमतीची चिठ्ठी लागते आणि त्यांच्या जागेवर ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा येऊन बसतात. अशा वेळी एखादी पिशवी उचलली की काउंटरवरची बाई काळजीने सांगते, आता लावू नका हं हे. शेजारी सांगतात. भिंतीवरचं बागकामाचं कॅलेंडर सांगतं. पुण्याला फोन केला तर आमच्या काकू (ज्यांनी उभ्या जन्मात ट्यूलिप लावलेला नाही) तिकडून म्हणतात, "वरातीमागून घोडं!"

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. जमिनीत खुरपं शिरतंय आणि कंद हाताला टणक लागतोय, तोवर डिसेंबर असो की जानेवारीची सुरुवात, उशीर झालेला नाही. आणि चांगला टणक कंद "सीझन गेला" म्हणून कचऱ्यात टाकणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. बऱ्याचदा तर तो अडाणीपणाही नसतो. आळस असतो, नियमाचा अंगरखा घातलेला.

देशातल्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ, क्रोकस ही सगळी आपल्या कांद्यासारख्या कंदांतून येणारी फुलं. इथे पानगळीत, म्हणजे साधारण सप्टेंबर-अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, हे कंद जमिनीत पुरायचे. मग हिवाळाभर विसरून जायचं. मार्च ते मे या काळात, सहा महिने खराट्यासारख्या झाडांकडे बघून डोळे विटलेले असताना, जमिनीतून रंग वर येतात. ज्यांनी हा हिवाळा काढलेला नाही त्यांना त्या पहिल्या पिवळ्या डॅफोडिलचं एवढं काय कौतुक, ते सांगून कळणार नाही. असो.

आता भांडणाचं मूळ. २०२३ सालची गोष्ट.

आमच्या टाउनहाउसच्या कॉलनीत एक आजोबा होते. कॉलनीत शिरताना डाव्या हाताला जो लांबट वाफा आहे, तो त्यांनी स्वतःहून अंगावर घेतला होता. दर जुलैला कॅटलॉग चाळून कंदांची ऑर्डर द्यायचे, आणि ऑक्टोबरात गुडघ्यांना पॅड बांधून तीन-चार दिवस तिथे बसलेले दिसायचे. २०२३ च्या सप्टेंबरात ते गेले. ऑर्डर मात्र जुलैतच गेलेली होती. ऑक्टोबरात तीन खोकी आली, क्लबहाउसच्या मागच्या शेडमध्ये कोणीतरी ठेवली, आणि तिथेच राहिली. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कोणीतरी बघेल. (मलाही कळलं ते थेट डिसेंबरात.) डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कमिटीची ईमेल आली: लागवडीचा हंगाम संपलेला असल्यामुळे शेडमधले कंद टाकून देण्यात येतील.

ईमेल वाचून माझं डोकं फिरलं ते "हंगाम संपलेला असल्यामुळे" या शब्दांवर. खरं कारण होतं, लावायला माणूस नाही. तसं लिहिलं असतं तर दोन-चार जण पुढे आले असते. पण हंगामाचं नाव घेतलं की कोणालाच पुढे यावं लागत नाही. जे आपण केलं नाही ते आता होऊच शकत नाही, असं ठरवून मोकळं होता येतं. वर पुन्हा शास्त्राचा आधार असल्यासारखं वाटतं. तर त्या शास्त्राकडेच आधी बघू.

हातात ट्यूलिपचा कंद घ्या आणि उभा चिरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मधोमध एक इवलंसं फूल दिसतं, पाकळ्या-पुंकेसरांसकट. ते उन्हाळ्यातच, कंद जमिनीबाहेर कोरडा पडलेला असतानाच आत तयार झालेलं असतं. बाजूच्या जाड पाकळ्या म्हणजे त्याची शिदोरी, निव्वळ पिठूळ अन्न. (१९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या लोकांनी हेच कंद उकडून खाल्ले होते.) म्हणजे फूलही तयार, डबाही भरलेला. मग थांबलंय कशासाठी? थंडीसाठी. साधारण नऊ अंशांच्या खाली बारा ते सोळा आठवडे काढल्याशिवाय ट्यूलिपचा दांडा नीट लांबत नाही. थंडी कमी पडली तर फूल पानांच्या बुडातच अडकतं नाहीतर कळीतच सुकतं. डॅफोडिलचा हिशेब थोडाफार तसाच, हायसिंथला जरा कमी चालतं.

यात तारीख कुठे आली? कुठेच नाही. कंद आठवडे मोजतो, आणि तेही फक्त थंड आठवडे. त्याला कोलंबस डे माहीत नाही, थँक्सगिव्हिंग माहीत नाही. ऑक्टोबरात लावलेल्या कंदाचे पहिले काही आठवडे तर या हिशेबात धरलेच जात नाहीत, कारण जमीन अजून कोमट असते. तेव्हा मुळं फुटतात हे खरं, त्याकडे येतेच, पण थंडीचं मीटर पडायला लागतं ते जमीन गार झाल्यावरच. अगदी १ जानेवारीला कंद लावला आणि आमच्या भागातली जमीन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गार राहिली, तरी तेरा आठवडे होतात. बोटांवर मोजून बघा.

आणि हे मी माझ्या वाफ्याच्या जोरावर बोलत नाहीये. ज्यांचं पोट यावर चालतं ते डच लोक काय करतात बघा. २०१२ पासून ते अॅमस्टरडॅममध्ये जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी "राष्ट्रीय ट्यूलिप दिवस" साजरा करतात. भर चौकात ट्यूलिपची बाग उभी करतात आणि लोकांना फुलं फुकट खुडून नेऊ देतात. जानेवारीत! कंदांना आधीच थंड खोल्यांत ठेवून त्यांचे आठवडे भरून घेतलेले असतात. आपल्या दिल्लीत तर याहून गंमत आहे. तिथली नवी दिल्ली नगरपालिका नेदरलँड्सहून थंडी देऊन तयार केलेले कंद आणते, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास शांतीपथाच्या कडेला वगैरे लावते, आणि फेब्रुवारीत ते फुलतात. ज्या कंदाला डिसेंबरात हात लावू नका म्हणून मला इथे सांगतात, तो तिकडे डिसेंबरात लावून दोन महिन्यांत मंत्री-संत्री त्याच्यासमोर फोटो काढतात :)

तर ज्यांना कंदाचं गणित कळतं ते कॅलेंडरला भीत नाहीत. आता नेहमीचे आक्षेप एकेक करून घेऊ.

पहिला आक्षेप, "पहिलं दव गोठायच्या आत लावायला हवेत." हा हवा आणि जमीन यांतला घोटाळा आहे. आमच्याकडे ऑक्टोबरातच एखाद्या पहाटे गवत पांढरं होतं. पण ते वरचं. कंद जातो सहा ते आठ इंच खाली, आणि तिथे जमीन आपली ऊब सहजासहजी सोडत नाही. हवेने शून्य गाठल्यावरही खाली कित्येक आठवडे मुळांना जगण्यापुरती ऊब असते. वरचा पापुद्रा कडक झाला म्हणजे जमीन गोठली असं नाही. कुदळीचा एक घाव घालून बघा, खाली माती मोकळी असते.

दुसरा आक्षेप, "मुळं धरायला वेळ मिळत नाही." यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा सर्वात चांगला आक्षेप आहे. लवकर लावलेला कंद आधी मुळं सोडतो आणि मग थंडीला सामोरा जातो, उशिराचा दोन्ही गोष्टी एकदम करतो. त्याची किंमत पडते. फूल थोडं उशिरा येतं, दांडा आखूड राहतो, एखादं फूल लहान निघतं. पण आखूड दांड्याच्या फुलाची तुलना कशाशी करायची? ऑक्टोबरात लावलेल्या फुलाशी? तो ऑक्टोबर तर गेला. आता तुलना आहे ती कचऱ्याच्या पिशवीशी. तिथे दांडा किती लांब येतो?

तिसरा, "तज्ज्ञ सांगतात." तज्ज्ञ काय सांगतात ते पूर्ण ऐका तरी! सगळे कंद एका मापाचे नाहीत. डॅफोडिलला लवकर मुळं सोडायची सवय, म्हणून त्याला सप्टेंबर बरा. पण ट्यूलिपसाठी इंग्लंडची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी चक्क नोव्हेंबरपर्यंत थांबा म्हणते, कारण गार जमिनीत "ट्यूलिप फायर" नावाच्या बुरशीचा धोका कमी होतो. म्हणजे ज्या फुलासाठी लोक सर्वात जास्त घाई करतात, त्याच्याच बाबतीत उशीर पथ्यावर पडतो. हे कुठल्या दुकानाच्या पाटीवर वाचलंय? दुकानाचा सीझन संपतो तो ख्रिसमसच्या झाडांना जागा हवी म्हणून. त्यात बिचाऱ्या दुकानदाराचं काही चुकत नाही. पण त्याच्या गोदामाचं वेळापत्रक आपण निसर्गनियम म्हणून घरी का आणायचं?

आणि चौथा, जो ऐकला की माझं पित्त खवळतं: "पुढच्या वर्षी लावू की, ठेवा जपून." अहो, कंद म्हणजे बी नव्हे! ज्वारीचं बियाणं कणगीत वर्षभर राहतं म्हणून ट्यूलिप राहील असं नाही. कंद जिवंत आहे, श्वास घेतोय, शिदोरीतलं रोज थोडं थोडं खातोय. गराजमधल्या कपाटात पुढच्या ऑक्टोबरपर्यंत ठेवलात तर हाती येईल ती एक हलकी फुलकी कागदी पिशवी, आत भुसा नाहीतर बुरशी. उशिरा लावलेला कंद कदाचित फसेल. जपून ठेवलेला नक्की मरेल. "कदाचित" आणि "नक्की" यांत निवडायचं असताना शहाणी माणसं "नक्की"ची बाजू घेऊन वर समजुतीच्या गोष्टी सांगतात, याचं मला आजही नवल वाटतं.

तर हे सगळं मी कमिटीला लिहिलं (याहून बऱ्या भाषेत) आणि खोकी ताब्यात मागितली. त्यांचं उत्तर आलं, हवं तर न्या, पण त्या वाफ्यात काही उगवलं नाही तर वसंतात स्वच्छ करून द्यायची जबाबदारी तुमची. कबूल केलं.

त्या वर्षी सांगलीहून माझी मावशी आली होती. वय ७१, आयुष्य शेतावर गेलेलं, आणि इथल्या थंडीला कंटाळून दिवसभर हीटरच्या जाळीजवळ बसलेली. तिला खोकी दाखवली. तिने एक डॅफोडिल उचलला, अंगठ्याने दाबला, कानाजवळ नेऊन हलवला. (का, ते मला अजून कळलेलं नाही.) मग म्हणाली, "चांगला हाय की गं. कशापायी टाकत्यात?"

"सीझन गेला म्हणतात."

"जमिनीला वाफसा हाय का?"

वाफसा! मंडळी, इंग्रजीतल्या डझनभर बागकामाच्या पुस्तकांत जी गोष्ट "माती काम करण्याजोगी असेपर्यंत" अशी लांबण लावून सांगतात, तिला आपल्याकडे एक शब्द आहे. पाऊस पडून गेल्यावर पाणी निथरलंय, चिखल नाही, ढेकूळही नाही, ओल आहे आणि हवाही आहे, अशी जमिनीची स्थिती. पेरणी करायची ती वाफशावर, हे आपल्याकडे शेतातल्या पोराला माहीत असतं. मावशी स्वेटर, त्यावर माझं जाकीट, त्यावर शाल असा जामानिमा करून वाफ्यापाशी आली. मूठभर माती काढून दाबली, मूठ उघडली. गोळा झाला होता. बोटाने टिचकी मारली, गोळा फुटला. "हाय वाफसा. लाव."

आठवड्याच्या सुरुवातीला धो धो पाऊस होऊन गेला होता आणि सोमवारी पुन्हा येणार होता. मधला शनिवार, १६ डिसेंबर, उघडा मिळाला. मी, मावशी, माझा मुलगा, आणि मी दारोदार जाऊन विचारलं म्हणून आलेली शेजारची चार माणसं. साडेतीनशेच्या आसपास कंद होते: निम्म्याहून जास्त डॅफोडिल, मग ट्यूलिप, आणि थोडे क्रोकस. एकेकासाठी खड्डा खणत बसलो नाही. वाफ्याची लांबच लांब चरी आठ इंच खोल उकरली, ट्यूलिप आणि डॅफोडिल शेंडा वर करून मांडले, अर्धी माती ओढली, त्यावर क्रोकस टाकले, मग उरलेली माती. वरून कॉलनीभर पडलेला पाचोळा हातभर जाड पसरला. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. ज्या कामाचा हंगाम संपला म्हणून ईमेल निघाली होती, ते सात माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम होतं.

उशिरा लावताना पाळायच्या दोन-तीन गोष्टी इथेच सांगते, म्हणजे भांडणाबरोबर काही उपयोगाचंही पदरात पडेल. खोली चोरू नका. थंडीत बोटं बधिर झाली की चार इंचांवर भागवावंसं वाटतं, पण उशिराच्या कंदाला खोलीची गरज जास्त, कारण खाली जमीन उबदार आणि स्थिर असते. पाचोळ्याचं आच्छादन लावलेल्या दिवशीच घाला. त्यामुळे जमीन गोठायला आणखी वेळ लागतो आणि तेवढ्यात मुळं पुढे सरकतात. आणि कंद निवडून घ्या. टणक आहे तो चांगला, सालीवर थोडी निळसर बुरशी असली तरी पुसून लावा. मऊ पडलेला, वास मारणारा किंवा कापसासारखा हलका झालेला टाका. बारीक कंद आधी सुकतात, म्हणून क्रोकस किंवा स्नोड्रॉप उशिराच्या भरवशावर ठेवू नयेत. ट्यूलिप सर्वात चिवट.

आणि जमीन खरंच दगड झाली असेल तर? कुंड्या. मातीत लावून, पाणी घालून, गरम न होणाऱ्या गराजमध्ये बारा-चौदा आठवडे ठेवा. थंडी कुंडीतही मोजली जाते. कंद फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर मात्र शेजारी सफरचंदं-केळी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि आतलं तयार फूल जागच्या जागी मरतं.

मावशीला त्या दिवशी जो प्रश्न पडला होता तो मला फार योग्य वाटतो. ती म्हणाली, "हितं उशिराच्या पेरणीचं येगळं कायच नाय का?" कारण आपल्याकडे आहे. गव्हाची वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली. पण ऊस उशिरा निघाला, रान रिकामं व्हायला वेळ लागला, पाणी मागेपुढे झालं, तर कृषी विद्यापीठं शेतकऱ्याला "पुढच्या वर्षी बघा" म्हणत नाहीत. डिसेंबरच्या मध्यापर्यंतच्या उशिराच्या पेरणीसाठी वेगळे वाण सांगतात, बियाणं जास्त धरायला सांगतात, आणि उत्पादन घटेल हेही स्पष्ट सांगतात. म्हणजे उशीर ही होणारच अशी गोष्ट मानून तिचा हिशेब मांडलेला असतो. ज्याचं पोट जमिनीवर आहे त्याला "आता काही उपयोग नाही" हे वाक्य परवडत नाही. ते परवडतं आपल्यासारख्या हौशी लोकांना, ज्यांची तीन खोकी फुलं कचऱ्यात गेली तरी संध्याकाळी ताटात काही कमी पडत नाही.

झालं काय, तेही सांगते, लपवत नाही. जानेवारीत दोनदा बर्फ पडलं, फेब्रुवारीत पुन्हा. मावशी फेब्रुवारीत परत गेली, तिला काही बघायला मिळालं नाही, फोटोच पाठवले. क्रोकस निम्म्याहून अधिक आलेच नाहीत. ते खोक्यातच सुकत आले होते. डॅफोडिल जवळपास सगळे आले, इतरांच्या अंगणातल्यांपेक्षा आठ-दहा दिवस मागून. ५ एप्रिल २०२४ ला सकाळी आमच्याकडे ४.८ चा भूकंप झाला, सगळी कॉलनी घाबरून बाहेर धावली, आणि वाफ्यापाशी उभं राहून भूकंपाच्या गप्पा मारताना अर्ध्या लोकांनी पहिल्यांदा ती फुलं नीट पाहिली. ट्यूलिप एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उमलले. दांडे आखूड होते. त्यातले बरेचसे एका रात्रीत हरणांनी खाल्ले, पण हरणं ऑक्टोबरात लावलेलेही तितक्याच आवडीने खातात. (डॅफोडिलला तोंड लावत नाहीत, विषारी असतो.) पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, तेच डॅफोडिल इतरांच्या बरोबरीने वेळेवर आले. उशिराची खूण एका वर्षात पुसली गेली.

आजोबांच्या बायको अजून कॉलनीतच राहतात. फुलं आल्यावर त्या रोज सकाळी तिथे येऊन उभ्या राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, ही पांढरी मधे केशरी असलेली त्यांनी पहिल्यांदाच मागवली होती, कशी दिसतात ते त्यांना पाहायचं होतं. यावर काय बोलणार? मी काही बोलले नाही. पण ती खोकी टाकली गेली असती तर त्या बाईंना हेही कधी कळलं नसतं की त्यांनी या वर्षी काहीतरी नवीन मागवलं होतं.

म्हणून मला हा सीझनवाल्यांचा नियम नुसता चुकीचा वाटत नाही, दुष्ट वाटतो. कारण ऑक्टोबरात सगळ्यांचे हात मोकळे नसतात. कोणाच्या घरी आजारपण असतं. कोणी नोव्हेंबरातच नव्या घरात आलेलं असतं. कोणी तिकीट काढून घाईघाईने भारतात गेलेलं असतं, आणि ते कशासाठी हे आपल्यापैकी परदेशात राहणाऱ्यांना सांगायला नको. ही माणसं डिसेंबरात परत येतात, गराजमध्ये पिशवी सापडते, आणि त्यांना पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते "उशीर झाला". ज्याला खरंच काही गोष्टींना उशीर झालेला आहे त्याला, जिथे झालेला नाही तिथेही हेच ऐकवायचं?

आता कोणी म्हणेल, बघा, फुलांवरून आयुष्यावर आली. नाही हो. आयुष्यात उशीर झाला की कधी कधी खरंच झालेला असतो, आणि ट्यूलिप त्यावर उतारा नाही. मी कंदांबद्दलच बोलते आहे. कंदांच्या बाबतीतही शेवट आहेच. गरम घरात पडून राहिलेला कंद फेब्रुवारीच्या शेवटी लावलात तर त्याला आठवडे पुरणार नाहीत, तेव्हा माझ्या नावाने खडे फोडू नका. (थंड गराजमध्ये होता तर गोष्ट वेगळी, त्याने काही आठवडे तिथेच भरून घेतलेत. टणक असेल तर पुरा.) मर्यादा आहे, मी नाही कुठे म्हणतेय? फक्त ती जमिनीत आणि कंदात शोधा, दुकानाच्या पाटीवर नको.

तेव्हा एडिसनच्या भाचीबाई, बोस्टनचे भाऊजी, आणि गेल्या महिन्यात कॉमेंटमध्ये "यंदा राहूनच गेलं" लिहिणाऱ्या सगळ्यांनी या शनिवारी एवढं करावं. गराजमधली पिशवी काढा, एकेक कंद अंगठ्याने दाबून बघा. अंगणात जाऊन मूठभर माती दाबा, गोळ्याला टिचकी मारा. फुटला तर लावा, आणि किती लावले, कुठल्या तारखेला, ते खाली लिहून ठेवा. एप्रिलमध्ये मोजू.